चिठ्ठीसकट नाणं

मी ब्रिस्टलला राहते, रुग्णालयात फार्मासिस्ट आहे, आणि गेली काही वर्षं सुट्टीचा बराचसा वेळ ग्रीक-रोमन नाण्यांत घालवते. हा छंद श्रीमंतांचा, असा आपल्याकडे पक्का समज आहे. सोन्याच्या नाण्यांपुरता तो खरा आहे. पण चौथ्या शतकातलं, कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळातलं काशाचं चिल्लर नाणं इंग्लंडात एका साध्या जेवणाच्या पैशांत मिळतं, कारण इथे शेत नांगरलं की ती नाणी वर येतात. इ.स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत हा रोमन साम्राज्याचा प्रांत होता. साडेतीनशेहून जास्त वर्षं लोकांच्या हातून नाणी पडत राहिली, पुरली जात राहिली, आणि बरीचशी तिथेच राहून गेली.

एप्रिल २०१० मध्ये आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळ, मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरणाऱ्या एका माणसाला मडकं लागलं. वरची थोडी नाणी हाती येताच त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली. ती सगळी एकदम ओतून न काढता थराथराने काढली गेली, म्हणून एक गोष्ट कळली. त्या मडक्यातला सर्वांत अलीकडचा राजा कॅरॉशियस. इ.स. २८६ ते २९३ या काळात त्याने रोमशी फारकत घेऊन ब्रिटनवर स्वतःचा अंमल बसवला होता. मडकं वर्षानुवर्षं भरत गेलं असतं तर त्याची नाणी सगळ्यात वर असायला हवी होती. ती बरीच खाली, मडक्याच्या मध्यावर सापडली. म्हणजे मडकं एकदाच, एका खेपेत भरलं होतं. त्या माणसाने उत्साहाच्या भरात सगळं उपसून पिशवीत घातलं असतं, तर तितकीच नाणी मिळाली असती आणि ही माहिती कायमची गेली असती.

मला या छंदाकडे बघायची दिशा फ्रोमच्या मडक्याने दिली. नाणं कुठे सापडलं, कशासोबत सापडलं, कुणाकुणाच्या हातून आलं, हे लिहिलेली चिठ्ठी सोबत असेल तरच मला ते नाणं पुरं वाटतं. चिठ्ठी हरवलेलं नाणं दिसायला कितीही देखणं असो, त्याच्याकडे सांगण्यासारखं थोडंच उरतं.

माझ्या संग्रहाची खरी सुरुवात झाली ती एका तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यापासून. आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ सभासद आपला संग्रह आवरता घेत होते. विल्टशायरमधल्या एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्यांनी बरीच वर्षं त्याच्या शेतात शोध घेतला होता आणि सापडलेलं प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात घालून ठेवलं होतं. पाकिटावर गावाचं नाव, तारीख आणि एक नोंद क्रमांक. हा क्रमांक 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम'चा. १९९७ साली सुरू झालेली ही योजना इंग्लंड आणि वेल्समध्ये चालते. आपल्या भागातल्या अधिकाऱ्याला वस्तू दाखवायची, तो वजन, माप, फोटो, सापडल्याची जागा नोंदवतो आणि वस्तू परत देतो. नोंदी सगळ्यांना बघायला खुल्या असतात, नेमकी जागा मात्र चोरट्यांच्या भीतीने धूसर ठेवलेली असते. एकत्र पुरलेला ठेवा सापडला तर गोष्ट वेगळी. तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणी, किंवा हलक्या धातूची दहा नाणी एका जागी सापडली, तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे कोरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवावंच लागतं. शेतभर विखुरलेल्या सुट्या नाण्यांवर अशी सक्ती नाही. त्या सद्गृहस्थांनी ती सगळी नोंदवली होती, तीही कुणी सांगितलं नसताना. मी डबा घेतला तो त्या क्रमांकांसाठी.

इंटरनेटवर 'न धुतलेली रोमन नाणी' किलोच्या भावाने मिळतात. कुठून आली हे विकणारा सांगत नाही, आणि त्यातली पुष्कळशी बाल्कन भागातल्या जागा रातोरात खणून काढलेली असतात. ती मी घेत नाही. त्या खणणाऱ्याला हवी असतात फक्त नाणी. भिंत, चूल, हाडं, खापरं, सगळं तो उलथून टाकतो. शंभर नाण्यांच्या पुडीमागे एक मोडलेलं घर असू शकतं, या विचाराने मला ती हातात धरवत नाहीत.

आता साफसफाई. पहिला नियम असा की नोंद होण्याआधी नाण्याला पाणीसुद्धा लावायचं नाही. माझ्या डब्यातल्या नाण्यांची नोंद झालेली होती, तरी मी त्या भागातल्या अधिकाऱ्यांना विचारून मगच हात घातला. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून लख्ख करायची रीत आहे, त्यामुळे घरी आलेला प्रत्येक जण 'चिंचेत घाल ना' असं सुचवतो. प्राचीन काशाला आंबट पदार्थ म्हणजे विष. जमिनीत सतराशे वर्षं राहिलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग धातूत राहिलेलाच नसतो. अक्षरं, चेहऱ्याच्या रेषा, सगळं त्या हिरव्या-तपकिरी पापुद्र्यात असतं, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात. आम्लाने तो पापुद्रा गेला की खाली उरतो खड्ड्यांचा लालसर पत्रा.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते चालत नाही. काचेच्या लहान बरण्यांत एकेक नाणं, सोबत त्याचा क्रमांक, आणि दर काही दिवसांनी पाणी बदलायचं. सुरुवातीला पाणी चहासारखं होतं, मग हळूहळू निवळतं. त्यानंतर मऊ ब्रश. त्याने जे निघत नाही ते स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बांबूच्या तासलेल्या काडीने, आणि अगदी शेवटी स्कॅल्पेलचं पातं आडवं धरून. ते टोचायचं नाही, माती आणि पापुद्रा यांच्या मधल्या फटीत सरकवायचं. माती सुटते तेव्हा तिचा कण आपणहून उडतो. तो उडाला नाही तर तिथे थांबायचं आणि नाणं परत पाण्यात ठेवायचं. घाईची माणसं यात रमत नाहीत. मला दिवसभर औषधांची मापं काटेकोर तपासायची सवय असल्यामुळे असेल, हे काम आवडतं.

एका नाण्याबद्दल सविस्तर सांगते. पाकिटावर नोंद होती: कॉन्स्टंटाइनचं घराणं, इ.स. ३३० ते ३४०, टाकसाळ वाचता येत नाही. व्यास १७ मिलिमीटर. मागच्या बाजूला फक्त एक तिरपी रेघ दिसत होती. भिंगाखाली ती रेघ भाल्याची निघाली. मग भाला धरलेला हात, मग शिरस्त्राण, मग समोरासमोर उभे दोन सैनिक. 'ग्लोरिया एक्सर्किटस' छापाचं हे नाणं, म्हणजे सैन्याचा गौरव. या छापात दोन सैनिकांच्या मध्ये लष्करी निशाणं असतात, आणि सगळी गंमत त्या निशाणांच्या संख्येत आहे. दोन असतील तर नाणं इ.स. ३३० ते ३३५ मधलं. एकच असेल तर ३३५ नंतरचं, कारण तेव्हा नाण्याचं वजन आणि आकार दोन्ही कमी केले, आणि अरुंद जागेत एकच निशाण मावलं. माझ्या नाण्यावर नेमका मधोमध चुनखडीचा खडा बसलेला. तो सुटला आणि खाली शेजारी शेजारी दोन काठ्या दिसल्या, प्रत्येकीच्या टोकाला गोल चकती. नाणं काट्यावर ठेवलं तर २.४ ग्रॅम भरलं. एका निशाणाची नाणी साधारण दीड-पावणेदोन ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे डोळ्यांनी मोजलेलं आणि काट्याने सांगितलेलं जुळलं.

मग पुढची बाजू. 'कॉन्स्टँटिनस' हे नाव बापाचंही आणि एका मुलाचंही, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. डोक्याच्या उजवीकडे काय लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. तिथे 'मॅक्स ऑग' असेल तर थोरला कॉन्स्टंटाइन, स्वतः सम्राट. 'आय-व्ही-एन, एन-ओ-बी, सी' अशी अक्षरं असतील तर धाकटा, कारण तो तेव्हा युवराज, सीझर. उजवीकडचा कचरा काढायला फार वेळ लागला. पहिलं अक्षर नुसती उभी काठी. ती 'एम'चा पाय असू शकते आणि 'आय'ही. तिच्यापुढे 'व्ही' स्पष्ट उघडला तेव्हा मी मायक्रोस्कोप सोडून खोलीत फिरून आले. धाकटा कॉन्स्टंटाइन. वडील इ.स. ३३७ मध्ये गेले, साम्राज्य तीन भावांत वाटलं गेलं, आणि हा ३४० मध्ये आपल्याच धाकट्या भावाच्या मुलुखावर चालून जाऊन इटलीत अक्विलेयाजवळ मारला गेला. नाण्यावरचा चेहरा त्याच्या आधीचा, कोवळा, केसांत पानांची माळ घातलेला.

राहिली टाकसाळ. ती मागच्या बाजूला, सैनिकांच्या पायाखालच्या पट्टीत असते. ब्रिटनमध्ये सापडणारी या काळातली नाणी बहुतेक करून ट्रियर, लिऑन किंवा आर्ल या पश्चिमेकडच्या टाकसाळींतली. लंडनची टाकसाळ इ.स. ३२५ च्या सुमारास बंद झाली होती. डब्यातल्या नाण्यांवर ट्रियरची 'टी-आर-पी' आणि 'टी-आर-एस' ही अक्षरं मी इतक्या वेळा वाचली होती की इथेही तेच असणार असं धरून चालले होते. पट्टीतून बाहेर आला ग्रीक गॅमा, आणि त्याच्यापुढे 'एस-आय-एस'. सिस्किया! आजच्या क्रोएशियातलं सिसाक, जिथे कुपा नदी सावा नदीला मिळते. गॅमा म्हणजे तिथली तिसरी कार्यशाळा. सावेच्या काठी पाडलेलं हे चिल्लर नाणं विल्टशायरच्या शेतापर्यंत कुणाच्या कमरेच्या थैलीतून आलं असेल? बदली झालेल्या शिपायाच्या, व्यापाऱ्याच्या? रोमन साम्राज्याचे नकाशे मी पुष्कळ पाहिले होते. त्या साम्राज्यात माणसं आणि पैसा खरोखर किती दूरवर फिरत होते, हे मला त्या तीन अक्षरांनी पटवलं.

'रोमन इंपीरियल कॉइनेज' या बृहत्सूचीच्या सातव्या खंडात इ.स. ३१३ ते ३३७ ची नाणी येतात. दहा खंडांचं हे काम १९२३ साली सुरू झालं आणि दहावा खंड १९९४ मध्ये आला. पूर्वी हे खंड ग्रंथालयात जाऊनच बघावे लागत. आता न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने त्याची शोधता येईल अशी आवृत्ती सगळ्यांना मोफत खुली केली आहे. नाव, टाकसाळ, छाप निवडला की उमेदवार समोर येतात. तिथे क्रमांक पक्का केला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि मूळ नोंदीचा क्रमांक देऊन अधिकाऱ्यांना पाठवले. काही आठवड्यांत त्यांनी नोंद सुधारली. 'टाकसाळ वाचता येत नाही' या जागी आता 'सिस्किया, तिसरी कार्यशाळा' आहे. ब्रिटनमध्ये पूर्वेकडून किती पैसा येत होता याचा अभ्यास करणाऱ्याला यापुढे ते एक नाणं मोजता येईल. नाणी गोळा करण्यातला मला मिळालेला सगळ्यात मोठा आनंद हा आहे.

एका नाण्यावर मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली, टोकरली की पडणारी. हा काशाचा रोग. नाण्याच्या आत दडलेली क्लोराइडं हवेतल्या ओलाव्याने जागी होतात आणि धातू आतून खात जातात. तसं नाणं लगेच इतरांपासून वेगळं करायचं, भुकटी काढायची, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवायचं, मग पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत. इंग्लंडच्या दमट हवेत ते बरं झालं असं कधीच म्हणता येत नाही, फक्त लक्ष ठेवायचं. साठवण्याबद्दल आणखी एक: पीव्हीसीची मऊ प्लॅस्टिकची पाकिटं बिलकूल वापरू नका. त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर चिकट हिरवा थर येतो.

ग्रीक नाण्यांचं वेगळं आहे. ती इथल्या शेतात मिळत नाहीत, लिलावात किंवा विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. ग्रीस, तुर्कस्तान, इटली या देशांच्या कायद्याने जमिनीतला ठेवा सरकारचा. मग बाजारातलं नाणं तिथून केव्हा बाहेर पडलं, हा प्रश्न टाळताच येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात ब्रूटसचं सोन्याचं नाणं विकलं गेलं. इ.स.पू. ४२ मधलं, ज्युलियस सीझरच्या खुनाची तारीख अभिमानाने मिरवणारं, दोन खंजीर आणि मध्ये मुक्त गुलामाची टोपी असलेलं. किंमत लाखो पौंडांत गेली, जगभर बातम्या झाल्या. पुढे त्याची मालकी परंपरा बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये ते नाणं ग्रीसला परत देण्यात आलं. नाणं अस्सल होतं, चिठ्ठी खोटी होती.

त्यामुळे पहिलं ग्रीक नाणं घेताना मी चिठ्ठीवरून निवडलं. अलेक्झांडरच्या नावाचा चांदीचा द्राख्म, आशिया मायनरमधल्या कोलोफोनच्या टाकसाळीतला, ४.२ ग्रॅम. पुढे सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, मागे सिंहासनावर झ्यूस, हातावर गरुड, समोर कोलोफोनची खूण असलेलं लायर हे तंतुवाद्य. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलॉनला वारला, पण त्याच्या नावाने नाणी पाडणं पुढेही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. सैनिकांचा त्याच नाण्यावर विश्वास होता. माझं नाणंही त्याच्या मृत्यूनंतरचं. लिलावाच्या यादीत सोबत एक गोल पुठ्ठ्याची चिठ्ठी दाखवली होती, बारीक शाईच्या अक्षरातली, आणि '१९७०च्या आधीच्या संग्रहातून' असं म्हटलं होतं. १९७० हे साल महत्त्वाचं, कारण प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्या वर्षाचा, आणि संग्रहालयंही तीच रेघ मानतात.

नुसत्या विधानावर मी थांबले नाही. जुन्या लिलावांच्या याद्या आता बऱ्याच डिजिटल झाल्या आहेत. जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तर त्यांचा मोठा साठा खुला केला आहे. बाकीच्या याद्यांसाठी आमच्या क्लबाचं कपाट होतं. प्राचीन नाणी हातोड्याने पाडलेली असल्यामुळे कोणतीही दोन सारखी नसतात. घाव जरा कलला की चित्र एका बाजूला सरकतं, कडेला चीर जाते. माझ्या नाण्याला हेराक्लीसच्या मानेमागे अशी एक चीर आहे, आणि झ्यूसच्या पायाशी काठ सपाट झाला आहे. जुन्या याद्यांत नाण्यांऐवजी बहुधा त्यांच्या प्लॅस्टरच्या ठशांचे फोटो छापत, त्यामुळे चकाकी आड येत नाही आणि आकार स्वच्छ दिसतो. पानामागून पान बघताना डोळे फक्त ती चीर शोधत होते. ती मला सापडली साठच्या दशकातल्या एका स्विस यादीत, टपाल तिकिटाएवढ्या चौकोनात. चीरही तीच, सपाट काठही तोच. त्या पानाची प्रत आता नाण्यासोबत ठेवली आहे.

याद्या चाळण्याचा दुसरा फायदा नकली नाणी ओळखायला होतो. ओतीव नकलेच्या कडेला कधी कधी सांध्याची रेघ असते, पृष्ठभागावर बारीक फुग्यांचे खड्डे असतात, अक्षरं साबण वितळल्यासारखी गुळगुळीत होतात. पण उत्तम नकलाकार ओतत नाहीत, ठसा कोरून खरोखरचं नाणं पाडतात. कार्ल व्हिल्हेल्म बेकर हा जर्मन कारागीर त्यांतला नामांकित. १७७२ चा जन्म, १८३० चा मृत्यू. ताज्या नाण्यांना जुनेपण यावं म्हणून तो ती लोखंडी किसासोबत पेटीत घालून घोडागाडीतून हिंडवत असे. त्याच्या ठशांची पूर्ण ओळख आज आहे, म्हणून तो पकडता येतो. आजचे ठसे ओळखायचे तर एकाच ठशाची दोन 'वेगळी' नाणी एकाच खुणांसह दिसतात का, हे बघावं लागतं, आणि त्यासाठी लोकांनी आपापल्या नाण्यांचे फोटो, वजनं उघड ठेवायला हवीत. मी माझ्या प्रत्येक नाण्याचे ठेवते: दोन्ही बाजू, शक्यतो कडेचाही फोटो, वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांची एकमेकांशी दिशा, आणि मालकी परंपरा. कुणीही न विचारता वापरावं. तिजोरीत कुलूपबंद ठेवणाऱ्या संग्राहकांची मनोवृत्ती मला कधीच समजली नाही.

नाशिकला माझे मामा आहेत, निवृत्त शिक्षक. व्हिडिओ कॉलवर द्राख्म दाखवला तर म्हणाले, "अगं, ही अक्षरं मी बघितलीत. आपल्या नहपानाच्या नाण्यांवर!" आणि ते खरं आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक राज्यकर्त्याची. राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक लिपी, मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृत: 'राञो क्षहरातस नहपानस'. चेहऱ्याच्या धाटणीवर डिनेरियस या रोमन चांदीच्या नाण्याची छाया असल्याचं अभ्यासक मानतात. आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने विजयानंतर आपला छाप मारला, कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या, म्हणजे नहपानाच्या जावयाच्या लेखात तर हिशेबच दिला आहे, चांदीच्या ३५ कार्षापणांना सोन्याचं एक सुवर्ण, या दराने ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण. पुढच्या सुट्टीत मामांनी मला अंजनेरीला नेलं. तिथल्या नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात एकाच नाण्यावर बाणाच्या अंगावर चढलेला डोंगर बघितला, आणि मामा काचेला नाक लावून ग्रीक अक्षरं सुटी सुटी वाचत होते.

"तुझ्याकडे एखादं क्षत्रपांचं घे की," असं ते म्हणतात. लंडनच्या लिलावांत ती नेहमी असतात. पण भारतातून शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला बाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा स्पष्ट आहे. एखादं त्याआधीच बाहेर पडल्याचा कागद दिसला तर घेईन. अजून दिसलेला नाही.

इथल्या मराठी शाळेत रविवारी मुलं येतात. शिक्षिकेने मला 'काहीतरी दाखवा' म्हटलं तेव्हा मी तंबाखूचा डबाच घेऊन गेले. हातमोजे घालायचे नाहीत, त्यात नाणं निसटतं. हात धुवायचे, पुसायचे, नाणं कडेने धरायचं आणि नेहमी स्पंज अंथरलेल्या तबकाच्या वर. आधी नावं, सन असलं काही सांगितलं नाही. प्रत्येक जोडीला एक नाणं, एक भिंग, मध्ये एक काटा, आणि प्रश्न दोनच: निशाणं किती, वजन किती? पाच मिनिटांत वर्गात 'माझी दोन!', 'माझं एकच!' सुरू झालं. मग फळ्यावर दोन रकाने केले आणि वजनं लिहीत गेलो. दोनवाल्यांची जड, एकवाल्यांची हलकी. "म्हणजे सरकारने तांबं वाचवलं," एक मुलगा म्हणाला. नऊ वर्षांचा असेल. मला हेच तर सांगायचं होतं, आणि ते त्याने मला सांगितलं. 'टी-आर-पी' वाचून सगळ्यांना आजीच्या मालिका आठवल्या आणि ट्रियर शहर कुणीच विसरणार नाही अशी सोय झाली. सिस्कियाचं नाणं ज्या जोडीकडे होतं, त्यांनी नकाशावर सिसाक ते विल्टशायर दोरा ताणून मोजला.

डब्यातली एकाच प्रकारची जादा नाणी मी आता शाळेलाच देऊन टाकणार आहे, पाकिटासकट. प्रत्येक पाकिटात मूळ नोंद क्रमांक, सुधारलेली ओळख, आणि आधीच्या मालकाचं नाव त्यांच्या संमतीने. ज्या मुलाने नाणं वाचलं त्याने मागे आपलं नाव आणि तारीख लिहायची, असं शिक्षिकेने ठरवलं आहे.

पुढच्या वेळी मुलांना अथेन्सचं घुबड हवंय, म्हणजे घुबडाचं चित्र असलेलं नाणं. माझ्याकडे ते नाही. क्लबातल्या एका बाईंकडे आहे, आणि त्या स्वतः यायला तयार झाल्या आहेत. सव्वासतरा ग्रॅमच्या आतबाहेरची जाड चांदी, लॉरियनच्या खाणीतली. त्याच खाणीत इ.स.पू. ४८३ मध्ये नवा साठा लागला, थेमिस्टोक्लीसने अथेन्सकरांना त्याची लढाऊ जहाजं बांधायला लावली, आणि तीन वर्षांनी सालामिसला इराणी आरमाराचा पराभव झाला. बाईंकडे अशी दोन घुबडं आहेत. एक निर्दोष, दुसऱ्याच्या मागच्या बाजूला छिन्नीचा खोल घाव. चांदी आतपर्यंत खरी आहे की तांब्यावरचा मुलामा, हे बघायला कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाजारात तो घातला होता. मी घाव असलेलंच आणायला सांगितलं आहे.